काळ्या रानात कंटेनर उभा करताना: चार कोपऱ्यांचा पाया

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, शेतावर गोदाम म्हणून ठेवलेल्या जुन्या जहाजी कंटेनरचं दार बंद होईना. मे महिन्यात हीच कवाडं एका हाताने मिटत होती. आता डावं कवाड उजव्याच्या वर बोटभर चढलेलं, उभे दांडे खाचेत बसायला तयार नाहीत, आणि आत ठिबकच्या नळ्या, खतं, फवारणीचा पंप असा सगळा ऐवज. मी आधी बिजागऱ्यांना तेल घातलं. मग लाथ घातली. शेवटी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी लेव्हल पाईप, म्हणजे पातळी बघायची पाणी भरलेली नळी, लावला, चारही कोपरे तपासले आणि म्हणाले, "भाऊ, पेटी सरळ हाय. रान हाललंय."

नैऋत्येचा कोपरा चार सेंटीमीटर खाली गेला होता. चूक सर्वस्वी माझी होती. करमाळा तालुक्यातलं आमचं रान भारी काळं. त्यावर जुने लाकडी स्लीपर टाकून मी वीस फुटी कंटेनर उतरवून घेतला होता, कारण ज्याच्याकडून घेतला तो म्हणाला, "लोखंडाचं आहे, कुठेही ठेवा." पुढच्या वर्षी सगळं उचलून पाया नव्याने केला. त्यातून जे कळलं ते इथे लिहितो. अलीकडे न्हावा शेवा बंदराच्या आसपासच्या यार्डांतून जुने कंटेनर गावोगाव पोचतायत आणि बहुतेक जण माझ्यासारखंच करतायत.

कंटेनर टेकतो कुठे

कंटेनरच्या प्रत्येक कोपऱ्याला ओतीव पोलादाचा, भोकं असलेला एक ठोकळा असतो. त्याला कॉर्नर कास्टिंग म्हणतात. खालच्या ठोकळ्याचा तळ १७८ बाय १६२ मिलीमीटर, म्हणजे हाताचा पंजा पसरला तर झाकून जाईल एवढा. हा ठोकळा कंटेनरच्या तळातल्या आडव्या पट्ट्यांपेक्षा साधारण सव्वा सेंटीमीटर खाली असतो. जहाजावर एकावर एक थर रचताना सगळं वजन कोपऱ्यांतून खाली जावं म्हणून ही रचना.

आता याचा अर्थ बघा. तुम्ही खाली आरशासारखा सपाट स्लॅब घातला तरी कंटेनर त्याच्यावर चारच जागी टेकणार. मधल्या काँक्रीटला तो शिवणारही नाही. म्हणजे पैसा आणि मेहनत घालायची ती चार ठिकाणी. आणि त्या चार ठिकाणांची उंची एकमेकांशी पक्की जुळलेली हवी. तीन कोपरे एका पातळीत आणि चौथा खाली, असं झालं की पेटीला पीळ पडतो. त्याची पहिली खबर दार देतं, कारण दाराकडची बाजू सगळ्यात कमी ताठ असते.

वजनाचा हिशोब कागदावर एकदा करून टाका. रिकामा वीस फुटी कंटेनर साधारण सव्वादोन टन. चाळीस फुटी पावणेचार टनांच्या आसपास. शेतावर वीस फुटीत सहसा आठ-दहा टनांपेक्षा जास्त माल जात नाही. म्हणजे एकूण १२ टन धरा, कोपऱ्याला ३ टन. पण माल कधीच सारखा पसरलेला नसतो. खताची पोती दाराजवळच पडतात. म्हणून कोपऱ्याला ४ टन धरून चाला. हे ४ टन त्या पंजाएवढ्या ठोकळ्यातून थेट मातीवर आले तर दाब होतो चौरस मीटरला जवळजवळ १४० टन. कुठलीच माती तो घेणार नाही. तोच भार पाऊण मीटर बाय पाऊण मीटरच्या फूटिंगवर, म्हणजे काँक्रीटच्या रुंद बैठकीवर, पसरला की चौरस मीटरला ७ टनांच्या आसपास येतो. चांगला धुम्मस केलेला, म्हणजे ठोकून घट्ट बसवलेला, मुरूम एवढं निवांत पेलतो.

आधी खड्डा, मग निर्णय

जिथे कंटेनर ठेवायचा आहे तिथे पाच-सहा फूट खोल खड्डा घ्या. जेसीबी कुठल्या कामाला आलेलाच असेल तर दहा मिनिटांचं काम. कडेला उतरून थर बघा.

वरून फूट-दीड फूट माती आणि खाली मुरूम लागला, तर तुम्ही सुटलात. पुढचं अर्धं वाचायची गरज नाही. चार-पाच फुटांवर मुरूम असेल तरी काम सोपं आहे. पण आमच्यासारखं दहा-बारा फूट काळंच असेल तर जपून.

काळी माती वजनाने तितकी दबत नाही जितकी ती पाण्याने हलते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिलात रानात ज्या भेगा पडतात, ज्यात बैलाचा पाय अडकतो, त्या वरवरच्या नसतात. कित्येकदा माणसाच्या कमरेपेक्षा खोल जातात. तेवढ्या खोलीपर्यंतची माती दर वर्षी वरखाली होते. भरलेलं घर तिला थोडंफार दाबून धरतं. रिकामा कंटेनर इतका हलका की माती त्याला सहज उचलते. म्हणून "हलकी वस्तू आहे, हलका पाया चालेल" हा हिशोब काळ्या रानात उलटा पडतो.

माती किती फुगते हे घरी बघता येतं. वाळलेली माती कुटून मैद्याच्या चाळणीपेक्षाही बारीक, शक्यतो मलमलच्या कापडातून चाळा. दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करा. मापाच्या खुणा असलेल्या दोन काचेच्या नळ्या घ्या. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. दोन्हींत माती हळूहळू सोडा, ढवळून हवेचे बुडबुडे जाऊ द्या आणि २४ तास हात लावू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलमधला थर १२ मिलीलीटरवर थांबला आणि पाण्यातला २१ वर गेला, तर फुगवटा ७५ टक्के झाला. ५० टक्क्यांच्या वर गेलं की ती माती पायाखाली ठेवायची नाही. प्रयोगशाळेतही हीच चाचणी करतात, फक्त भांडी नीट असतात.

भराव घातलेल्या जमिनीबद्दल एवढंच सांगतो: ओढ्याकाठी कुणीतरी राडारोडा टाकून सपाट केलेली जागा दिसायला छान असते. तिथे ठेवू नका.

जागा ठरवताना

पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे पावसात छत्री घेऊन बघण्यासारखं दुसरं मोजमाप नाही. उंचवटा निवडा. विहिरीचा काठ, शेततळं, ठिबकचा फिल्टर, बोअरचा वॉल्व्ह, गुरं धुवायची जागा यांपासून दूर राहा. माझा नैऋत्येचाच कोपरा का खचला? त्या बाजूला बोअरचा एक वॉल्व्ह थेंब थेंब गळत होता. वर्षभर एक कोपरा ओला आणि तीन कोरडे. सगळा कंटेनर सारखा खाली-वर झाला असता तर मला कळलंही नसतं.

मोठं झाडही तितकंच वाईट. कडुलिंब किंवा बाभळीच्या मुळ्या काळ्या मातीतलं पाणी एका बाजूने ओढून घेतात. झाडाच्या उंचीएवढं अंतर ठेवा, सावली कितीही मोहात पाडो.

दार शक्यतो पूर्वेला किंवा उत्तरेला. पावसाचा मारा आपल्याकडे नैऋत्येकडून येतो आणि दाराची रबरं जुनी असतात. ट्रेलरला वळायला जागा, हायड्राला, म्हणजे चाकांवरच्या क्रेनला, शेजारी उभं राहायला घट्ट जमीन आणि डोक्यावर विजेची तार नाही, या तीन गोष्टी तपासा. ११ केव्हीच्या तारेखाली हायड्राचा बूम उभा करणं म्हणजे जिवाशी खेळ. शेतजमिनीवर शेतीच्या वापरासाठी ठेवत असाल तरी तलाठी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्या. प्लॉट शहराच्या हद्दीत असेल तर नगरपालिकेत. नंतर नोटीस आली तर बारा टनांची वस्तू हलवावी लागते.

पर्याय आणि माझं मत

मुरमाड जमीन आणि हलका माल असेल तर वरची माती काढून, एक फूट मुरूम-खडी धुम्मस करून, त्यावर कोपऱ्यांखाली सिमेंटचे भरीव ठोकळे किंवा रेल्वेचे काँक्रीट स्लीपर ठेवले तरी चालतं. स्वस्तात काम होतं, पुढे हलवताही येतं. लाकडी स्लीपर मी पुन्हा वापरणार नाही; तीन पावसांत माझ्या स्लीपरांची कड बोटाने निघायला लागली होती आणि आत वाळवी होती. एएसीचे हलके ब्लॉक किंवा पोकळ ब्लॉक कोपऱ्याखाली अजिबात नकोत. पोलादी ठोकळ्याची कड त्यांना चिरडते. विटांचे खांबही नकोत.

अख्खा स्लॅब हा लोकांचा लाडका पर्याय. ७ बाय ३.४ मीटर, सहा इंच जाडीचा स्लॅब घालायला साडेतीन घनमीटर काँक्रीट आणि २८-२९ पोती सिमेंट लागतं. मुरमावर तो टिकेल. काळ्या मातीवर मात्र स्लॅबच्या मधल्या भागाखाली ओल साठून राहते, कडा वाळतात, आणि वर्ष-दोन वर्षांत स्लॅबला भेग पडून तो कुबड काढतो. कंटेनरची धुलाई, दुरुस्ती, वर्कशॉप असं काही करायचं असेल तर स्लॅबचा उपयोग आहे. नुसत्या साठवणुकीसाठी तो डामडौल.

चार आरसीसी फूटिंग आणि त्यावर छोटे खांब, म्हणजे पेडेस्टल, हा माझा पर्याय. चारही मिळून सव्वा घनमीटरच्या आसपास काँक्रीट, खालचं पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट, धरून १२-१३ पोती सिमेंट. स्लॅबच्या निम्म्याहून कमी, आणि सगळं नेमकं जिथे हवं तिथे.

खूपच खोल काळी माती आणि कंटेनरमध्ये कायम वीस-पंचवीस टन भार असणार असेल तर अंडर-रीम पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले, खाली फुगीर तोंड असलेले काँक्रीटचे खांब, हा पक्का उपाय. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ते खास अशा मातीसाठी रुळवले. पण तिथे हा लेख बाजूला ठेवून स्थापत्य अभियंत्याकडे जा.

काम कसं केलं

पाया करायचा काळ फेब्रुवारी ते एप्रिल. रान कोरडं असतं, भेगांची खोली डोळ्यांनी दिसते आणि पावसाआधी काँक्रीट पिकतं.

आखणीपासून सुरुवात. कंटेनरचं बाहेरचं माप २० फूट धरून आखू नका. कॉर्नर कास्टिंगच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं माप धरा: वीस फुटीसाठी लांबीत ५,८५३ मिमी आणि रुंदीत २,२५९ मिमी. चाळीस फुटीसाठी लांबीत ११,९८५, रुंदी तीच. काटकोन ३-४-५ ने धरा: एका दोरीवर ९० सेंमी, दुसरीवर १२० सेंमी, तिरपं १५० भरलं पाहिजे. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. वीस फुटीचे दोन्ही ६,२७४ मिमी यायला हवेत. दोहोंत पाच मिलीमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा आखा.

कोपऱ्यावर ठोकलेल्या खुंट्या खोदाईत जाणारच. म्हणून प्रत्येक रेषा पुढे वाढवून दीड मीटर बाहेर दुसऱ्या खुंट्या ठोका. दोरी कधीही परत ताणता येते. आमच्या मिस्त्रींनी हे सांगितलं नसतं तर जेसीबीच्या पहिल्या बकेटीबरोबर माझी सगळी आखणी गेली असती.

खड्डे चार, प्रत्येकी १.२ मीटर चौरस आणि १.५ मीटर खोल. त्याआधीच मुरूम लागला तर तिथे थांबा. लागला नाही तर निदान भेगांच्या तळाखाली गेलोय याची खात्री करा. निघालेली काळी माती बांधावर नेऊन टाका. ती परत खड्ड्यात जाता कामा नये.

तळाशी ३० सेंमी मुरूम, दोन थरांत. प्रत्येक थर सैल असताना सहा इंचांपेक्षा जाड नको. थोडं पाणी मारायचं, इतकंच की मूठ वळली तर गोळा होईल आणि हात ओला होणार नाही. मग धुम्मस. हाताच्या धुम्मसापेक्षा भाड्याचा उडता रॅमर आणा. अर्ध्या दिवसात चारही खड्डे होतात. पहारीचं टोक जोरात मारलं तर इंचभरापेक्षा जास्त घुसू नये, ही आमची कसोटी.

इथे एक चूक फार होते. काळ्या मातीतल्या खड्ड्यात लोक वाळू भरतात. वाळू फुगत नाही हे खरं. पण भोवती चिकणमातीचा हौद आणि आत वाळू, म्हणजे पावसाचं सगळं पाणी तिथे गोळा होऊन तळाच्या मातीला महिनोन्महिने पाजत राहतं. थोडी चिकट पण न फुगणारी माती हवी. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी कालव्यांच्या कामासाठी नेमकं हेच मांडलं: फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा साधारण मीटरभर थर दाबून बसवला की खालचा फुगवटा आवरला जातो. आपला तांबूस, हाताला किंचित चिकटणारा मुरूम या कामाला येतो. मुरूम मागवताना वरची रॉकेल-पाण्याची चाचणी त्याच्यावरही करा, आणि रॉयल्टीची पावती मागून घ्या.

मुरमावर ४ इंच पीसीसी, १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी). त्यावर फूटिंग ७५ सेंमी चौरस, २५ सेंमी जाड, एम-२० म्हणजे १:१.५:३. खाली १० मिमीच्या सळयांची जाळी, दोन्ही दिशांना सहा इंचांवर, आणि जाळी वर उचलून धरायला तिच्याखाली दोन इंचांचे कव्हर ब्लॉक. कव्हरऐवजी खडी सारून चालवणाऱ्या माणसावर लक्ष ठेवा. पेडेस्टल ३८ सेंमी चौरस, चार १२ मिमी सळया, आठ मिमीच्या रिंगा सहा इंचांवर. उंची जमिनीच्या वर ४० सेंमी येईल अशी. एवढी उंची का? खालून वारा खेळतो, तळाच्या पट्ट्या गंजत नाहीत, वाळवीचा माग दिसतो आणि वाकून आरपार बघता येतं. आमच्याकडे घोणस अशाच सावलीत येऊन बसते. खाली अडगळ सारू नका.

पेडेस्टलच्या डोक्यावर ३० सेंमी चौरस, १२ मिमी जाडीची लोखंडी प्लेट. तिच्या पाठीला १६ मिमीचे चार पाय वेल्ड करून ती ओल्या काँक्रीटमध्ये बसवायची. इथेच सगळं ठरतं. लेव्हल पाईपमध्ये बुडबुडा राहू देऊ नका, दोन्ही तोंडं उघडी ठेवा, आणि एका प्लेटला मूळ धरून बाकीच्या तिन्ही तिच्याशीच जुळवा. पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं केलं तर चूक साठत जाते. चारही प्लेटांत तीन मिलीमीटरपेक्षा जास्त फरक नको. आमचा एक साडेचारचा आला. मिस्त्री म्हणाले चालतंय. मी म्हटलं नाही चालत. काँक्रीट ओलं होतं तोवर प्लेट ठोकून बसवली.

पाणी मारणं किमान दहा दिवस, गोणपाट गुंडाळून. वजन ठेवायला २८ दिवस थांबलात तर उत्तम. मधल्या काळात पेडेस्टलभोवतीची पोकळी मुरमाने भरून धुम्मस करा. ओली काळी माती खांबाला चिकटून फुगली की ती खांबाला बाजूंनी धरून वर ओढते. मुरमाची ही गादी ते होऊ देत नाही.

शेवटी सगळ्या जागेवर, कंटेनरच्या बाहेर चारही बाजूंनी मीटरभर जास्त, आठ इंच मुरूम पसरून दाबा आणि बाहेरच्या बाजूला उतार द्या. आमच्या कामाला खड्डे आणि ही पसरण मिळून साडेसहा ब्रास मुरूम लागला.

छपराचं पाणी

हे स्वतंत्र लिहितोय कारण मी हेच विसरलो होतो. वीस फुटी कंटेनरचं छप्पर पावणेपंधरा चौरस मीटर. एका दमदार सरीत ५० मिमी पाऊस झाला की ७०० लिटरहून जास्त पाणी दोन लांब बाजूंनी थेट पायाशी कोसळतं. पीव्हीसी पाईप उभा चिरून केलेली पन्हाळ लावा आणि पाणी दहा-पंधरा फूट लांब सोडा. पन्हाळ लावायची नसेल तर निदान दोन्ही बाजूंना उताराची फरसबंदी आणि पुढे चर. चर कंटेनरला समांतर ठेवून तिथेच पाणी तुंबवू नका, त्याला बाहेर वाट द्या.

कोकणात असाल तर

तिथे मातीचा त्रास कमी, पाण्याचा आणि वाऱ्याचा जास्त. जांभ्याचा कातळ उघडा असेल तर खोदाई नकोच. पण कातळावर पहार आपटत फिरा. जिथे आवाज बद्द येतो तिथे खाली पोकळी असू शकते. जांभ्यात ती असते. भरीव आवाजाच्या जागी कातळ खरवडून, त्यात सळया बसवून लेव्हलचे पेडेस्टल ओता.

वाऱ्याचा हिशोब बघा. मुंबई परिसरासाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, ताशी १५८ किलोमीटर. त्या वेगाला चौरस मीटरमागे ११८ किलोच्या आसपास जोर येतो. वीस फुटीची लांब बाजू पावणेसोळा चौरस मीटर, म्हणजे सगळा मिळून १,८०० किलोंच्या वर. रिकामा कंटेनर प्लेटवर नुसत्या घर्षणाने जेमतेम ७००-९०० किलो रोखतो. तो सरकणार. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा घरांचे पत्रे कुठल्या कुठे गेले हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

म्हणून प्लेटवर कास्टिंगच्या दोन बाहेरच्या बाजूंना लोखंडी अँगल वेल्ड करा आणि कास्टिंगच्या भोकातून साखळी व टर्नबकल (पिळून साखळी ताणायचा आटा) घेऊन पेडेस्टलमधल्या हुकाला आवळा. घाटावरही हे करा, वळवाचं वावटळ काय कमी असतं. एकच काळजी: चारही कोपरे प्लेटला थेट वेल्ड करू नका. उन्हात लोखंड वाढतं. चाळीस फुटी पेटी ३० अंशांच्या फरकाला चार मिलीमीटरहून जास्त लांबते. एका टोकाला घट्ट, दुसऱ्या टोकाला या वाढीला पुरेल एवढी ढिलाई ठेवा.

उतरवण्याचा दिवस

जमीन कोरडी असतानाच. हायड्राचं एक चाक काळ्या चिखलात रुतलं की दुसरा हायड्रा बोलवावा लागतो. कंटेनर लोंबकळत असताना खाली कुणी जाऊ नये. दिशा द्यायला दोन कोपऱ्यांना दोर बांधा. खाली टेकला की साखळ्या सोडण्याआधी दोन्ही कवाडं उघडून मिटून बघा. अडकलं तर त्या कोपऱ्याखाली दोन-तीन मिलीमीटरची पत्रापट्टी सारा आणि परत बघा. साखळ्या सुटल्यावर हायड्रावाला थांबत नाही.

चाळीस फुटीला मध्ये दोन जादा आधार देतात. ते मुद्दाम थोडे खाली ठेवून, कंटेनर कोपऱ्यांवर बसल्यावर पट्ट्यांनी भरून काढा. मधला आधार चुकून उंच राहिला तर पेटी तराजूसारखी डुलते.

आत कांदा भरायचा विचार असेल तर तो सोडा. कंटेनरला रात्री घाम येतो आणि कांद्याला वारा लागतो. त्याला कांदाचाळच हवी. बियाणं आणि धान्यही थेट फरशीवर नको. कंटेनरची प्लायवूडची फरशी बहुतेकदा कीटकनाशक मुरवलेली असते. लाकडी पॅलेट टाका.

पहिलं वर्ष

चारही पेडेस्टलवर एकाच पातळीची ऑइलपेंटची रेघ मारा. जूनच्या आधी, ऑगस्टमध्ये, दिवाळीत आणि एप्रिलात लेव्हल पाईप लावून वहीत आकडे लिहा. माझ्या वहीत पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त फरक पाच मिमी, दुसऱ्या वर्षी तीन. आठच्या वर गेला तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. ते बंद केल्याशिवाय पट्ट्या सारण्यात अर्थ नाही. पुढच्या उन्हाळ्यात तोच कोपरा उलट्या बाजूने बोलेल.

पट्टी सारायची वेळ आलीच तर आतला माल त्या कोपऱ्यापासून हलवा आणि साखळ्या ढिल्या करा. कोपऱ्याशेजारच्या मुरमावर जाड सागवानी फळी, तिच्यावर दहा टनी बॉटल जॅक, आणि जॅकचं डोकं कडेच्या जाड पट्टीला कास्टिंगच्या जितकं जवळ जमेल तितकं. एका वेळी एकच कोपरा, तोही पाच-सहा मिमीच. उचलता उचलता शेजारी लाकडी ठोकळे सरकवत राहा, जॅक सुटला तरी पेटी त्यांच्यावर बसेल. पट्टी काठीने ढकला, बोटांनी नाही.